एका खुंट्यावर दोघी

तुमच्या आजोबांनी आणि मी मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे एका मोटारसायकलचं इंजिन समजून घेणं. तुम्ही तिकडे यंत्रांचंच शिकता, म्हणून नीट क्रमाने लिहून ठेवते.

युद्धाचे दिवस होते. निपाणीहून मॅट्रिक होऊन मी शहापुरात सासरी आले, त्याला तीन महिने झाले होते. सासरे लुगडी विणत. ते गेल्यावर यांनी माग विकला आणि सोप्यात दुरुस्तीचं दुकान मांडलं. सायकली, स्टोव्ह, शिवणयंत्रं यायची. मग एका डॉक्टरांनी आपली बंद पडलेली मोटारसायकल ढकलत आणली. उचगावच्या बाजूला रोगी बघायला ते तिच्यावरून जात. तिचे दोन सिलिंडर खाली जोडलेले आणि वर फाकलेले होते, इंग्रजी व्ही अक्षरासारखे.

यांनी झिजलेले भाग बदलले, इंजिन सुरू केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ठोका सारखा पडत नव्हता. धड्-धड्, मग जरा थांबून पुन्हा धड्-धड्. त्यांचा कान मागाच्या खटखटीत तयार झालेला. ठोका मागेपुढे झाला की काहीतरी बिघडलं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. दोनदा सगळं खोललं, दोनदा जुळवलं. ठोका तोच.

"माझ्या हातात ही कला न्हाय," ते आपल्या आईला म्हणाले. "शनवारी डॉक्टरांस्नी गाडी परत देतो आन् कुणाच्या तरी मागावर रोजानं जातो."

गाडीसोबत एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. हे स्वतः मराठी चौथी शिकलेले. नुसती चित्रं बघायचे. मला एकदाही विचारलं नाही. आमचं बोलणं पाणी आणि जेवण यापलीकडे गेलेलंच नव्हतं. माझ्या शिक्षणाचा त्यांना संकोच वाटतो की राग येतो, हे मला कळेना, आणि आपणहून विचारायची धास्ती वाटे.

शेवटी आत्याबाईच, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या. "घरात मॅट्रिक बसलीया आन् तू चित्रं बघत बसलाईस व्हय रं? दे की तिला!"

यांनी माझ्याकडे न बघता पुस्तक पुढे सरकवलं. मी पहिल्याच पानावर क्रँक या शब्दाशी अडले. शाळेतला कोश काढला. त्यात अर्थ होता, विक्षिप्त माणूस. मी तसंच वाचलं, "दोन्ही सिलिंडरांचे दांडे एकाच विक्षिप्त माणसाला जोडलेले असतात."

"खरं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "त्यो माणूस हितंच बसलाय."

ते मोठ्याने हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. "अगं, क्रँक म्हंजे ह्यो," म्हणत त्यांनी मला सोप्यात नेऊन खोललेलं इंजिन दाखवलं. दोन जड चाकं, त्यांच्यामध्ये कडेला बसवलेली एकच पिन, आणि त्या पिनेवर दोन्ही दांडे.

"हा तर जात्याचा खुंटा," मी म्हणाले.

आत्याबाई आणि मी जात्यावर समोरासमोर बसत असू. त्या दुपारी इंजिनाची चाल जात्यावर करून बघायला मी त्यांना सरकवून माझ्या शेजारी आणलं. पुस्तकात दोन सिलिंडरांमध्ये पन्नास अंशांचा कोन दिला होता, साधारण तेवढ्या अंतरावर. इंजिनात प्रत्येक सिलिंडर एक फेरा सोडून जोर लावतो. म्हणून खुंटा समोर आला की या फेऱ्याला मी ओढायचं, पुढच्या फेऱ्याला त्यांनी. ओढताना "हं" म्हणायचं.

माझ्यानंतर त्यांचा "हं" लवकर यायचा आणि त्यांच्यानंतर माझा उशिरा. हे कान देऊन ऐकत होते.

"ह्योच! ह्योच ठोका!"

"मग मला आनखी लांब बशीव की," आत्याबाईंना मजा वाटू लागली होती.

पुस्तकात तेही होतं. सिलिंडर काटकोनात बसवले तर ठोका आणखी मागेपुढे होतो, पण चाकांवरच्या वजनाने हादरा जवळजवळ मरतो. मात्र तेवढं ऐसपैस इंजिन गाडीच्या सांगाड्यात मावणं कठीण. सारखा ठोकाच हवा असेल तर दोन दांड्यांना दोन वेगळ्या पिना द्याव्या लागतात, आणि मग क्रँक घडवायला अवघड होतो.

"म्हंजे खुंटा एक आन् बसनं तिरकं, तर चाल अशीच ऱ्हानार," ते सावकाश म्हणाले. "बिघाड न्हायच."

शनिवारी डॉक्टरांनी गाडी सुरू केली आणि खूश झाले. "अगदी पहिल्यासारखा आवाज, मिस्त्री!"

"डॉक्टरांस्नी अगुदर इचारलं असतंस तर?" आत्याबाई दाराआडून पुटपुटल्या. हसू दाबायला मी तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी पुस्तक परत मागितलं. "हे वाचता येतं तुम्हाला?"

"मला न्हाय येत," हे म्हणाले, आतपर्यंत ऐकू येईल असं. "आमच्या घरात वाचत्यात. आठ दिस ऱ्हाऊ द्या की, सायेब. निम्मंच झालंय."