मोर चुकीच्या बाजूला

म्हैसुरात मला पायावर उभं केलं ते आमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी. हे आधी सांगते, नाहीतर बाकीच्या रडगाण्यात राहून जाईल.

मी विट्याकडची. सातवीतच शाळा सुटली. नवऱ्याच्या सोनं गाळायच्या कामामागं इथं आले आणि बोगादी भागातल्या एका शाळेत आया म्हणून लागले, तीही तात्पुरती. फरशा पुसून कंबर मोडायची आणि रोज एकच धास्ती : उद्या येऊ नको म्हणाले तर?

बाईंचं घराणं पिढ्यांपासून इथलंच, त्यांची मराठी अर्धी कानडी. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांवरून त्या सूर शिकवायच्या. स म्हणजे मोर, रि म्हणजे बैल, असं करत शेवटचा नि म्हणजे हत्ती. पडद्यावर जी सावली दिसेल तो सूर पोरांनी गायचा. बाहुल्या लावायला त्यांनी मला घेतलं.

"बाई, मला गाण्यातलं काय कळतंय?"

"हत्ती कळतो ना अम्मा? मग झालं."

मोठ्या मॅडम तास बघायला आल्या, त्याच आठवड्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. एरवी बाई शेजारी असायच्या, त्या दिवशी त्या पेटी घेऊन समोर बसलेल्या. मी एकटीनं डावीकडून मोर, बैल असं ओळीनं लावलं. दिवा लागला आणि पोरांनी पहिला हत्ती बघून "नि"पासूनच सुरुवात केली. पडद्यामागचं डावं ते समोरच्यांचं उजवं, हे घाबरलेल्या डोक्यात आलंच नाही.

"हे कोणी लावलं?" मॅडमनी कानडीत विचारलं.

मी पडद्याआड आणखी खाली वाकले.

"मीच तसं सांगितलेलं," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं."

"एवढ्या वर्षांनी तुम्हीसुद्धा?"

पोरं फिदीफिदी हसली. मी पडद्यामागं तशीच बसून राहिले.

नंतर रडत होते, तर बाईच म्हणाल्या, "परवागिल्ला, चालतंय गं, होते असं. चल, कॉफी पी."

मला कायम केलं. पण वार्षिक कार्यक्रमातला बाहुल्यांचा खेळ त्या चुकीपायी त्या वर्षापासून बाईंकडून काढून दुसऱ्यांकडं दिला. बाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

अजून धीर होत नाही. संध्याकाळी दमून बसले की तेच डोक्यात फिरतं. पण एक दिवस मॅडमच्या खोलीत जाऊन सांगणार आहे, चूक माझी होती. आणि त्यांनी तो खेळ बाईंना परत दिल्याशिवाय तिथून हलणार नाही.