ड्रमखालची दोरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — निवृत्त माणसाला वेळ फार, असं समजा हवं तर.

परवा पुतण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. फ्रान्समधल्या ब्रिटनी नावाच्या मुलखातला पाइप बँड, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणारा. पाइप कुणाला ऐकायचे होते? माझं लक्ष मागच्या साइड ड्रमवाल्यांकडे. सहा जण, पण आवाज एकाच हाताचा. ड्रमच्या खालच्या बाजूला तारा ताणलेल्या असतात, तो कडक तडतडाट त्यांचाच. तारा सुटल्या की ड्रम म्हणजे रिकामा डबा. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मी मोबाइल परत दिला आणि उठून गेलो.

तरुणपणी कळंबच्या एका लग्नाच्या बँडात मी आणि सुदाम साइड ड्रम वाजवायचो. तो माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा. थोडा नाही — पुष्कळच. मला ते पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि पहिल्या दिवसापासून झोंबत होतं. मग सरकारी बँडात ड्रमवाल्याची जागा निघाली. एकच. दोघांनी अर्ज केले, एकाच एसटीने परीक्षेला गेलो. त्याच्या आईने बांधून दिलेले धपाटे वाटेत मीही खाल्ले — पोटभर खाल्ले.

आमच्या जुन्या ड्रमच्या तारा दोरीने आवळाव्या लागत. ते काम माझं, कारण सुदामची गाठ कधी टिकायचीच नाही. त्या दिवशीही त्याने आपला ड्रम माझ्या मांडीवर ठेवला आणि पाणी प्यायला गेला.

दोरी जुनी होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. जुनी होती? — नव्हती. आठवड्यापूर्वी मीच नवी बांधली होती. खिशात ब्लेड होतं. मी ती दोरी अर्ध्याहून जास्त कापली आणि कापलेली बाजू आत वळवली, दिसू नये म्हणून. घाई केली का? नाही. अजिबात नाही.

सुदामने सुरुवात झकास केली. मिनिटभरात दोरी तुटली आणि ड्रम नुसता धब्ब धब्ब वाजायला लागला. समोरचे साहेब हसले, पुढच्याला बोलवा म्हणाले. पुढचा मी होतो.

बाहेर आल्यावर ती तुटकी दोरी मी घाईने सोडून खिशात घातली. सुदामला वाटलं, मला गाठीचं वाईट वाटतंय. तोच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझा काय दोष न्हाय गड्या, म्याच लई जोरात मारलं." त्यानंतर त्याने काठ्या हातात धरल्या नाहीत. मला गणवेश, पगार, आता पेन्शन. त्याने जन्मभर कळंबच्या आडतीवर पोती उचलली.

गेल्या महिन्यात गावाने माझा सत्कार केला. हार घालायला सुदामच उठला. वाकलेला, धाप लागलेला. माइक धरून म्हणाला, "त्या दिशी माझी दोरी तुटली ते बरंच झालं. न्हाय तर एवढ्या मोठ्या कलाकाराची जागा म्या अडवून बसलो असतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.