दहावा माणूस

माझा बाप उत्तम कारागीर होता आणि तेवढाच भेकड. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावलं, याचा मला अजून राग येतो.

आमचा पाण्याच्या पंपांचा कारखाना. गल्लीत असे पंधरा-वीस होते आणि एकातही दहावा माणूस नव्हता. नियमच तसा होता. नऊ कामगारांपर्यंत कुणी विचारत नसे. दहावा आला की सतरा परवाने आणि मनाला येईल तेव्हा टपकणारा तपासनीस. शेजारच्या ओतकामवाल्याने एकदा दहावा ठेवला. खिडकी वीतभर लहान आहे म्हणून साहेबांनी त्याच्या दाराला वर्षभर कुलूप लावलं. बिचारा बसला तो परत उभा राहिला नाही.

बाबांकडे काम वाढलं तेव्हा त्यांनी कारखान्याच्या मधोमध भिंत घातली. दोन दारं, दोन पाट्या. इकडचे मालक बाबा, तिकडची मालकीण आत्या. तिने जन्मात पाना हातात धरला नव्हता. दोन्हीकडे नऊ-नऊ. इकडे घडवलेला भाग तिकडे जोडायचा तर रस्त्यावरून वळसा घालून न्यायचा, पावसात गोणपाटाखाली झाकून. गल्लीने या अकलेचं कौतुक केलं आणि वर्षभरात आणखी चार भिंती उठल्या!

बाबांनी एका मोठ्या पंपाचा नकाशा काढला होता, सगळ्या गावाला पाणी पुरवेल असा. त्याचा दांडा पंधरा फुटी आणि भिंतीनंतर खोली उरली अकरा फुटी. नकाशा कपाटावर गेला.

मी इंजिनिअर झाले ती तो पंप बांधायला. शिकून आले त्याच वर्षी नियम रद्द झाला. मी कागद घेऊन धावत गेले.

बाबांनी तो दोनदा वाचला. "नियम गेला गं. साहेब तिथेच बसलाय."

"भिंत पाडू या, बाबा. तुमच्या नऊंत दहावी मी येते."

"आज पाडू आणि उद्या ते मोजायला येतील. नको."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळतं. पण यांचं कुठे पोळलं होतं? पोळलं होतं शेजाऱ्याचं!

मी तडक परदेश गाठला. तिथे ज्या पंपाच्या कंपनीत लागले, तिच्यात आठशे माणसं होती. तिच्या मालकाने बाबांनी केली त्याच वर्षी, पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली होती. हुशारीत तो बाबांच्या पासंगालाही पुरला नसता. पण त्याचा तपासनीस दिवस कळवून यायचा, चूक लिहून द्यायचा आणि ती सुधारली की परत त्रास देत नसे.

गेल्या वर्षी आमच्या गावाने मोठा पंप मागवला, त्याच कंपनीकडून. गावाच्या पंपघरात तो बसवायला मी आले. बाबा काठी टेकत बघायला आले. त्यांनी दांड्यावरून हात फिरवला.

"बेअरिंग खाली हवं होतं. माझ्या नकाशात खालीच आहे."

खरं होतं. आमच्या कंपनीला हे कळलं ते आधीचे दोन पंप झिजल्यावर, आणि तोवर हा तयार झाला होता. माझा संताप अनावर झाला.

"मग का नाही बांधलात? तीस वर्षं काय करत होतात?"

ते पंपाभोवती काम करणाऱ्या माझ्या माणसांकडे एकेक करून बघत राहिले. ओठ हलत होते. मग माझा दंड धरून त्यांनी मला बाजूला ओढलं.

"अकरा जण आहात," ते कुजबुजले. "अगं, आधी दार लावून घे."