हात वर करायची सभा

आमच्या ह्यांच्या कारखान्यात जर्मनीहून एक मशीन आलं आणि ते बसवायला एक जर्मन साहेब आला. मोरिवलीच्या त्या कारखान्यात हे फिटर होते. साहेबाला फुटबॉलचं वेड, ह्यांनाही तेच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांचं जमलं. साहेबाच्या गावचा क्लब म्हणे जगात गाजलेला, कपाटं भरून कप. पण मालक कोणी शेठ नाही. मेंबरच मालक. ड्रायव्हर असो की डॉक्टर, एकाला एक मत. वर्षातून एकदा सभा भरते, अध्यक्ष समोर उभा राहतो आणि कोणीही उठून त्याला जाब विचारतं, बायकासुद्धा. मग हात वर करून निकाल.

हे भूत ह्यांच्या डोक्यात शिरलं ते उतरेना. मी जेवायला वाढतेय आणि हे मला जर्मनीचा कारभार सांगतायत. मी आधी दार लोटून घ्यायची, कारण आमच्या बुवापाड्याच्या क्लबाचा अध्यक्ष कोण आहे ते मला ठाऊक होतं.

त्याला सगळे भाऊ म्हणायचे. जर्सी भाऊंच्या, बॉल भाऊंचा, बक्षीस भाऊंच्या हातून. मैदान मात्र वस्तीचं. पोरं तिथे खेळायची, जयंतीचा मंडप तिथेच उभा राहायचा, लग्नंही तिथेच लागायची. भाऊंना त्यावर गाळे काढायचे होते. नव्वदीच्या सुरुवातीचे ते दिवस. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कोणी कोणाला कशासाठी मारलं, हे विचारायची सोय नव्हती. आमच्या मागच्या गल्लीतल्या एकाने भाऊंना नळाच्या लाइनवरून दोन शब्द सुनावले होते. तो पुढे कायमचा लंगडत राहिला.

"तुम्हाला कशाला नसती उठाठेव?" मी म्हटलं. "साहेब जाईल विमानात बसून. आपल्याला इथेच राहायचंय."

"सभा तर घेतोय. सभेला कोण मारतं?"

हे घरोघर फिरले आणि सगळ्यांना मेंबर केलं, बायकांनाही. लोक हसले आणि झाले मेंबर.

रविवारी सकाळी मैदानातच, बुद्धविहारासमोर सभा भरली. भाऊ जीपमधून आले, बरोबर त्यांची माणसं. ह्यांनी उठून सांगितलं, "मैदान गाळ्यांना द्यायचं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." पहिला हात ह्यांचाच.

दुसरा येईना. तेव्हा मला कळलं घोळ कुठे झालाय. तिकडे हात मोजतात, आमच्याकडे हात कोणाचा ते बघतात. चिठ्ठ्या टाकायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हे एकटे उभे, शर्टाची काख घामाने ओली. मला त्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू. घरात दोन लहान लेकरं आणि हा बाबा जर्मनी करत बसलाय. पण एकट्या माणसाचं पुढे काय होतं ते मागच्या गल्लीत रोज दिसत होतं. भीतीनेच माझा हात वर गेला. चळचळा कापत होता. मग शेजारच्या मावशींचा गेला, मग एकेक करत सगळ्या बायकांचा. बायकोचा हात वर गेल्यावर नवरे काय करणार, त्यांनीही केले.

भाऊ चिडले नाहीत. त्यांनी एकेक तोंड नीट बघून घेतलं. मग ह्यांना विचारलं, "मेंबर कोणीही होऊ शकतं ना?"

"कोणीही, भाऊ. तेच तर!" हे खुशीत म्हणाले.

"येतो वहिनी," भाऊंनी मला हात जोडले.

वर्षभर मी ह्यांची शिफ्ट सुटायच्या वेळी दारात उभी असायची. सायकल दिसली की जीव भांड्यात पडायचा. कोणी अंगाला हात लावला नाही, कोणी शिवी दिली नाही. त्यानेच मला जास्त धडकी भरायची. मधल्या काळात भाऊंच्या चिखलोलीकडच्या वीटभट्टीवरची माणसं मेंबर व्हायला येत होती. हे त्यांना हौसेने घेत होते, क्लब वाढतोय म्हणून. मी सांगून थकले.

पुढच्या सभेला ती सगळी टेम्पो भरभरून आली. मैदानात मावेनात. आता भाऊ उठले. "मैदान द्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." नियम ह्यांचाच होता.

माझ्या शेजारी भट्टीवरची एक बाई होती, कडेवर तान्हं. तिने हात वर केला.

"बाई गं, कुठलं मैदान ते तरी ठाऊक आहे का तुला?" मी हळूच विचारलं.

"नाय ताई." तिची नजर भाऊंवरून हलत नव्हती. "तुमी पन करा ना वर. ते बघतायत."

तिचा हात चळचळा कापत होता.