गॅरेजमधली निळी खुर्ची

"तुम्ही व्हा पुढे, मी आहे मागे."

काकूंचं हे वाक्य आमच्या परदेशातल्या, स्कोफिल्ड्स उपनगरातल्या गल्लीत इतकं मुरलं होतं, की पोरंसुद्धा बसमध्ये चढताना एकमेकांना तेच म्हणायची. म्हणताना काकू उजवा हात असा हलवायच्या, की वाहतुकीचा पोलीस आठवावा. दारातून निघताना, जेवायला बसताना, फोटोला उभं राहताना. आमच्या प्रत्येक ग्रुप फोटोत काकू आहेत. कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा चष्मा दिसतो ना, त्या काकू. तुमच्याही फोटोंत असा एखादा अर्धा चष्मा असेल, बघा शोधून.

काकू म्हणजे शेजारच्या निनादची आई. काका गेल्यावर निनादने त्यांना पुण्याहून इकडे आणलं. माझी त्यांची खरी ओळख झाली ती आमच्या गॅरेजमध्ये. संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की पुरुषमंडळींची रवानगी तिथे होते. इकडे दक्षिण गोलार्धात भर जानेवारीत उन्हाळा, आणि आम्ही पोटं सुटलेले आयटीवाले कॅम्पिंगच्या खुर्च्यांवर, लॉनमोवरच्या शेजारी घाम पुसत, जगाच्या अर्थव्यवस्थेवर बोलत बसलेलो. आतलं दार उघडून काकू आल्या. चहाचा ट्रे ठेवला आणि कोपऱ्यातल्या निळ्या खुर्चीवर बसल्या.

"काकू, आत बसा ना. एसी आहे तिकडे."

"असू दे रे. तिथे सवाष्णींचं चाललंय. मी आहे इथे मागे."

कुणी अडवलं नव्हतं. उलट माझ्या बायकोने, स्वातीने, हात धरून ओढून पाहिलं होतं. पण काका गेल्यापासून काकू हळदीकुंकवाच्या खोलीत पाऊल टाकत नसत. तिळगूळ त्याच वळायच्या, वाणाच्या पिशव्या त्याच भरायच्या, आणि पहिली बाई दारात आली की गॅरेजमध्ये. दर संक्रांतीला हेच. आम्हाला, खरं सांगायचं तर, ते बरंच पडायचं. चहा वेळेवर यायचा.

मग मी नॉर्वेची टूर काढली. सप्टेंबरअखेरच्या सुट्टीत आमची दोन्ही घरं मिळून बर्गनला जायचं ठरलं. बर्गनच का, तर ऑफिसातल्या एकाच्या स्क्रीनवर त्या शहराचा फोटो मला आवडला होता. माझे आयुष्यातले बरेच निर्णय असेच झाले आहेत.

"तुम्ही या जाऊन," काकू म्हणाल्या. "मी आहे की घरी."

"आजी, नो वे. यू आर कमिंग," निनादच्या रियाने सांगितलं, आणि विषय संपला.

टूरच्या दिवसांत नवरात्र येत होतं. स्वातीने बॅगेत ओटीचं सामान घेतलं. खण, तांदूळ, हळदकुंकू, नारळ. विमानतळावर अडवतील म्हणून नारळ मी काढायला लावला. टूर मॅनेजर ना मी.

बर्गनला पाऊस असा लागला होता, की तो थांबेल अशी आशा गावकऱ्यांनासुद्धा नसावी. गाईड म्हणून एक उंच मुलगी होती, हातात पिवळी छत्री. बंदराच्या काठाने व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरं, लाल, पिवळी, पांढरी, एकमेकांच्या खांद्यावर कललेली. पंगत उठल्यावर मांडवात पेंगणाऱ्या पाहुण्यांसारखी. मधल्या बोळांत पायाखालीसुद्धा फळ्या. मी आदल्या दिवशी वाचलेला इतिहास सगळ्यांना सांगत होतो आणि गाईड तो मोठ्या मनाने ऐकून घेत होती. सगळ्यांत शेवटी काकू. साडीवर रियाचा रेनकोट, पायात स्पोर्ट्स शूज, आणि आम्ही विसरलेल्या वस्तू गोळा करत. रियाची टोपी, माझी छत्री, एकदा तर दुसऱ्याच ग्रुपमधल्या आजोबांचा मफलर.

गाईडने सांगितलं, आगीच्या भीतीने या घरांत चूल पेटवायला बंदी होती. स्वयंपाक मागच्या वेगळ्या इमारतीत व्हायचा.

"बघ," काकू मला म्हणाल्या, "इथेही स्वयंपाकघर मागेच."

तरीही हे सगळं पुन्हा पुन्हा जळलं, गाईड सांगत होती, आणि दर वेळी लोकांनी त्याच पायावर तशीच घरं उभी केली.

"परत लाकडाचीच?" काकूंनी विचारायला लावलं.

"लाकडाचीच."

"पुन्हा जळेल म्हणून भीती नाही वाटली?"

मुलीने पिवळी छत्री सावरली. "वाटली असेल. पण पावसात किती दिवस उभं राहणार?"

मी ते मराठीत सांगितलं.  काकू भिंतीच्या ओल्या फळ्यांवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी बसने जवळच्या एका खेड्यात गेलो. डोंगरात घुसलेल्या समुद्राच्या काठी पांढरं चर्च, आणि उतारावर लाल सफरचंदांनी वाकलेल्या बागा. एका बागवालीच्या स्वयंपाकघरात कॉफी आणि सफरचंदाचा केक होता. बाई काकूंच्याच वयाची, पायात गमबूट, कमरेला ॲप्रन. इंग्रजी छान बोलायची. निघताना स्वाती माझ्या कानाशी म्हणाली, "नवरात्रात बाईच्या घरून असंच निघायचं का?"

तिने सामान काढलं, बाईला समजावलं. आमच्याकडे हे देवीचे दिवस, घरच्या बाईची ओटी भरतात, ॲप्रन असा पुढे धरा. बाई खूश. धरला ॲप्रन.

"नारळ," असं म्हणून स्वातीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही, विवाहितांना कळेल. मी टेबलावरच्या टोपलीतलं एक सफरचंद पुढे केलं. कुंकवाची डबी उघडता उघडता स्वातीने सहज विचारलं, "मिस्टर बागेत असतात का?"

"तो गेला," बाई म्हणाली. "आता बाग मीच बघते." ॲप्रन तसाच पसरलेला.

स्वातीचा हात थांबला. ती जुन्या वळणाची नाही, पण अशा वेळी हात आधी थांबतो आणि डोकं मागून येतं. त्यात काकू समोर. या बाईची ओटी भरावी, तर इतकी वर्षं गॅरेजमध्ये बसलेल्या काकूंना काय वाटेल? आणि नाही भरावी, तर या बाईला सांगायचं काय? 

काकू दाराशी होत्या, सगळ्यांच्या छत्र्या सांभाळत. त्यांनी छत्र्या भिंतीला लावल्या.

"सर गं स्वाती. आण ते इकडे."

त्या पुढे आल्या. बाईला हळदकुंकू लावलं. तांदूळ, खण, सफरचंद तिच्या ॲप्रनमध्ये घातलं. घाई नाही, काही नाही. जन्मभर केलेलं काम हात विसरत नाहीत.

बाईला वाटलं, आता आपली पाळी. तिने ओटीतलं सामान टेबलावर ठेवलं, टोपलीतलं एक सफरचंद उचललं, मूठभर तांदूळ घेतले आणि म्हणाली, "आता तुम्ही."

काकूंनी सवयीने एक पाऊल मागे घेतलं. पण मागे मी होतो, आणि मला ओलांडून मागे जाणं अरुंद स्वयंपाकघरात कुणालाच शक्य नसतं. माझ्या पोटाच्या हातून घडलेलं हे एकमेव सत्कार्य.

काकू त्या सफरचंदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रेनकोटची चेन उघडली, आतून पदर ओढून काढला आणि पसरला. बाईने त्यात तांदूळ आणि सफरचंद घातलं, बोटाने कुंकू लावलं. ते भुवईच्या बरंच वर, वाकडं लागलं. काकूंनी पुसलं नाही. निनाद खिडकीबाहेरचा डोंगर फार बारकाईने बघत होता.

"आजी, लुक्स गुड," रिया म्हणाली.

"असू दे," काकू म्हणाल्या. "चला रे, बस सुटेल."

आणि सगळ्यांच्या आधी त्या दाराबाहेर पडल्या. छत्र्या तिथेच राहिल्या. त्या गोळा करत मागून मी.

यंदाच्या संक्रांतीला आम्ही नेहमीप्रमाणे गॅरेजमध्ये. अर्थव्यवस्था नेहमीप्रमाणे बिघडलेली. बराच वेळ झाला तरी आतलं दार उघडेना.

"आज चहा नाही का रे?" कुणीतरी म्हणालं.

आत उखाण्यांचा आग्रह चालला होता. मग काकूंचा आवाज आला. शब्द नीट कळले नाहीत, पण शेवटी आलेलं काकांचं नाव स्पष्ट ऐकू आलं. इतक्या वर्षांत ते मला माहीतच नव्हतं. पाठोपाठ बायकांचा हशा उसळला, आणि त्यात सगळ्यांत मोठं हसणं काकूंचं.

निनाद उठला. कोपऱ्यातली निळी खुर्ची त्याने उचलली, घडी केली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

चहा शेवटपर्यंत आला नाही.