गजभिये काका आणि लो रेंज

गजभिये काका कुणाकडे जेवायला आले की त्यांच्या पॅन्टच्या उजव्या गुडघ्यावर धुळीचा एक गोल असायचा. बेल वाजवण्याआधी ते पार्किंगमध्ये यजमानांच्या गाडीखाली डोकावून यायचे आणि दारात बूट काढता काढता निकाल सांगायचे. "साहेब, तुमची गाडी मागून तेल गाळून राहिली. जेवण झाल्यावर पाहू." नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सनीव्हेलमध्ये आमच्या अपार्टमेंट्सभर चिप आणि सॉफ्टवेअरवाले इंजिनियर भरलेले होते. त्यांतल्या बहुतेकांना गाडीत पेट्रोल कुठून भरतात यापलीकडे काही माहीत नव्हतं. काकांचा निकाल सगळे मुकाट्यानं ऐकायचे.

नागपूरला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काकांनी पंधरा वर्षं काढली होती. काकू नर्स. त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि काका मागोमाग आले. "मी बायकोच्या व्हिसावर आलेला माणूस आहे," हे ते नव्या ओळखीत पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे, म्हणजे पुढे कुणाला विचारायला अवघड जाऊ नये. नंतर एका चिप कंपनीत ते यंत्रांची देखभाल करू लागले. निवृत्त झाल्यावर दोघं नागपूरला परतले आणि काका तिथंच वारले. त्यांना न भेटलेल्यांसाठी मला दोनच प्रसंग सांगायचे आहेत.

काकांकडे एक जुनी, सायीच्या रंगाची जपानी स्टेशन वॅगन होती. दोन सीटच्या मध्ये गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा लिव्हर. त्याच्या तीन जागा: वर दोन चाकं, मध्ये चार चाकं, तळाला चार चाकं आणि लो रेंज, म्हणजे वेग अगदी कमी आणि ओढ जास्त. माझी गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा आठवड्यासाठी त्यांनी ती मला दिली. मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. चार चाकं गाडी ओढणार असतील तर दोनवर का भागवायचं, म्हणून पहिल्याच दिवशी लिव्हर मध्ये टाकला आणि तसाच ठेवला. गाडी सरळ छान जायची, पण पार्किंगमध्ये वळताना कण्हायची, उड्या मारायची. पाचव्या दिवशी मी काकांना सांगितलं, "काका, तुमची गाडी बिघडली आहे."

"छोटा लिव्हर कुठे होता?" त्यांनी एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते रागावले नाहीत. "शनिवारी दहा वाजता या, ताई," म्हणाले.

शनिवारी वरच्या मजल्यावरचं एक जोडपं घर बदलत होतं. चार इंजिनियर डायनिंग टेबल उचलून उभे होते. काका म्हणाले, "आता सगळ्यांनी सारखीच पावलं टाकायची. कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही. मी मोजतो. एक, दोन." कॉरिडॉर सरळ होता तोवर मिरवणूक थाटात निघाली. कोपऱ्यावर वळताना बाहेरचे दोघं मागे पडले, आतला एक भिंतीत चिणला गेला आणि टेबल तिरकं झालं.

"काका, यार, माझं बोट!"

"बोट नाही ते, टायर आहे," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पाहिलं? वळताना बाहेरच्याला जास्त चालावं लागते. चौघांनाही एकाच दोरीनं बांधलं का भांडण होते. मातीवर, बर्फावर चाक जरासं घसरते न, भांडण मिटते. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही. मग ते भांडण गियरबॉक्समध्ये जाते."

"मग नव्या गाड्या बाराही महिने चार चाकांवर कशा चालतात?"

"त्यांच्यात पुढच्या अन् मागच्या चाकांची समजूत घालणारी गियरची एक जोडी मध्ये बसवलेली असते. माझ्या गाडीत ती नाही. माझ्या गाडीला ड्रायव्हर समजूतदार लागते."

"काका, टेबल खाली ठेवू का आता?" चौघांतला एकजण कळवळून म्हणाला.

दुसरा प्रसंग एका एप्रिलमधला. माझी मुलगी मुक्ता बारा वर्षांची होती आणि शाळेच्या कॅम्पला सिएराच्या डोंगरात गेली होती. नवरा कामासाठी पुण्यात. सकाळी साडेसातला कॅम्पमधून फोन आला. अवेळी बर्फ पडला होता, बस दोन दिवसांनी येणार होती आणि मुक्ताला रात्रीपासून एकशे तीन ताप होता. तिथं डॉक्टर नव्हता. दरीत कॅम्पपर्यंत उतरणारा दोन मैलांचा कच्चा रस्ता साफ झालेला नव्हता. चारही चाकांनी ओढणारी गाडी असेल तर या, म्हणाले.

मी काकांना फोन केला आणि मग आठवलं, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन दोनच दिवसांपूर्वी झालं होतं. दहा मिनिटांत ते खाली उभे होते, एका डोळ्यावर प्लॅस्टिकची झाकणी. किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, "गाडी माझी, डोळे तुमचे. चला."

घाटात चाकांना बर्फाच्या साखळ्या बांधल्यात का ते तपासणाऱ्या माणसानं आमचे बर्फाचे टायर पाहिले, छोटा लिव्हर पाहिला आणि हातानंच पुढे जा म्हणून खुणावलं. बाराच्या सुमारास उताराच्या तोंडाशी पोचलो. तिथं मोठ्या नव्या गाडीशेजारी एक अमेरिकन जोडपं उभं होतं. त्यांची जुळी मुलं खाली होती. त्यांची गाडी उताराला लागताच घसरली होती आणि त्यांनी ती कशीबशी मागे घेतली होती.

काका उतरले, वीस पावलं खाली चालून आले.

"लिव्हर तळाला. पहिला गियर. क्लच सोडा. आता दोन्ही पाय मागे घ्या."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नाही. क्लच पण नाही. क्लच दाबला का इंजिननं धरलेला हात सुटला समजा."

"काका, उतार आहे हा!"

"म्हणूनच सांगून राहिलो न. बर्फावर ब्रेक मारला का चाक थांबते, गाडी नाही थांबत. तुम्ही फक्त स्टिअरिंग पाहा. बाकी इंजिन पाहते."

गाडी माणसाच्या चालीनं उतरू लागली. इंजिन गुरगुरत होतं. पहिल्या वळणावर मागची बाजू वीतभर सरकली आणि माझा पाय ब्रेकवर गेला.

"पाय!" काका ओरडले. मी त्यांना ओरडताना ऐकलं ते तेवढंच. पाय काढला. टायरांनी बर्फ पुन्हा धरला. मग चिखलदऱ्याच्या घाटात एस.टी.च्या गाड्यांची चाचणी कशी घ्यायचे ते काका सांगत बसले. मला एक शब्द आठवत नाही.

मुक्ता ब्लँकेट गुंडाळून दाराशी आली. "मम्मा, यू ड्रोव्ह डाउन दॅट?"

"नाही पोरी," काका म्हणाले, "आम्ही चालत आलो. गाडी मागून आली."

गोळीनं तिचा ताप एकशे एकवर आला होता. जुळ्यांनाही घ्यावं म्हटलं, तर शिक्षिकेनं आईवडिलांच्या सहीची चिठ्ठी मागितली. ती आणायचं मला सुचलं नव्हतं. चढ सोपा गेला. वर पोचताच त्या वडिलांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. काका मुक्ताला घेऊन त्या जोडप्याच्या गरम गाडीत बसले.

"काका, चला न."

"मी काहून?"

"घसरली तर?"

"घसरेल. थोडी घसरतेच. मी खाली काय करून राहिलो होतो, ताई? बसलोच होतो न." त्यांनी दार ओढून घेतलं.

मी एकटी उतरले. त्याच वळणावर गाडी पुन्हा सरकली. माझे पाय जागचे हलले नाहीत.

जुळी घेऊन वर आले तेव्हा त्यांची आई रडत होती. वडील काकांचे दोन्ही हात धरून आभार मानत होते. काकांनी हात हळूच सोडवून घेतले आणि माझ्याकडे बोट केलं.

"नॉट मी, सर. आय वॉज ओन्ली सिटिंग."