अण्णांच्या शर्टाची बटणं

आज मंगळवार. सकाळच्या एसटीने दादाला शिरड शहापूरहून हिंगोलीला फिजिओथेरपीला नेलं. दुपारी दोघं परत आलो.

गेल्या वर्षी दुचाकीच्या अपघातात आमचे वडील, अण्णा, जागेवरच गेले. मागे बसलेल्या दादाच्या मेंदूला मार लागला. तो दवाखान्यात बेशुद्ध होता, म्हणून अण्णांना अग्नी मी, त्याच्या धाकट्या बहिणीने, दिला. हे त्याला आम्ही सांगितलं नव्हतं. थोरला मुलगा असून आपल्या हातून राहिलं, हे त्याला लागेल अशी भीती होती.

उजव्या हाताच्या सरावासाठी तो अण्णांच्या जुन्या शर्टाची बटणं लावतो, कारण ती मोठी आहेत. आज बटण लावता लावता त्याने विचारलं, "मंगल, अण्णाला अग्नी कोणं दिला?"

"मी."

"खांद्यावर मडकं बी तूच घेतलं?"

"व्हय."

"तुझ्या हातून तर घागर बी पडती."

"ते पाडायचंच असतंय, दादा."

तो हसला. मग "बराबर केलं," एवढंच म्हणाला. बटण चुकीच्या काजात गेलं होतं. ते त्याने स्वतःच काढलं आणि पुन्हा लावायला घेतलं.

न सांगणं म्हणजे जपणं, असं मला वाटत होतं. तुमच्या घरी कुणी असं बरं होत असेल, तर तुम्ही त्याला सगळं सांगता का?

आता दादा झोपलाय. मी शर्ट धुऊन दोरीवर वाळत घातला.